याकूबभाईंची जाळी

याकूबभाई पडद्याकडे पाहायला लागले की आमच्या हॉलमधलं बोलणं आपोआप बंद व्हायचं. त्यांनी कधी कुणाला गप्प बसा म्हटलं नव्हतं. उंच, जरा वाकलेला हा माणूस खुर्ची ओढायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचा आणि नुसता पाहत बसायचा. पाच मिनिटं, कधी दहा. माउसला हात नाही, कीबोर्डला हात नाही. नव्या माणसाला वाटावं, यांना काही समजलेलं दिसत नाही. मग ते उठून सांगायचे, याचा पंखा आता जाणार, किंवा हा पडदा उजव्या बाजूनं थकला आहे. आणि चार-आठ दिवसांत ते तसंच व्हायचं.

ही दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. गडचांदूरच्या बाजूला चुनखडीची एक खाण होती, तिच्या नियोजन विभागात मी नकाशे काढायची. मी मूळची सावली गावची. आयटीआय करून लागले तेव्हा ट्रेसिंग पेपर आणि शाई होती. नंतर टेबलांवर कॉम्प्युटर आले आणि आमच्या बोटांवरचे शाईचे डाग गेले. त्या कॉम्प्युटरांच्या देखभालीचं काम याकूबभाईंकडे होतं. दर पंधरा दिवसांनी मंगळवारी ते चंद्रपूरहून स्कूटरवर यायचे. उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला असायचा आणि आमच्याकडे पोचेपर्यंत तो पापडासारखा वाळलेला असायचा.

खाणीची पांढरी धूळ सगळीकडे असायची. कपाटात, डब्यात, वहीच्या पानांत. कॉम्प्युटरच्या पोटात तर ती पिठासारखी साचायची. याकूबभाईंच्या खिशात टेस्टरच्या शेजारी एक बारीक ब्रश असे, चित्रकार वापरतात तसा. त्या ब्रशनं ते एकेक भाग असा झाडायचे की पाहत राहावं. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर काढल्याच्या क्रमानं मांडायचे. पेटी उघडी असेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. झाकण बसलं की मात्र कपात तीन चमचे साखर. हत्यारांच्या डब्यात सोल्डरच्या तारेशेजारी साखरेच्या आजाराच्या गोळ्यांची पट्टी असायची. ती आठवण आली तर घ्यायची, असा त्यांचा हिशोब होता. मी एकदा टोकलं तेव्हा म्हणाले, गोळी मशीनसाठी नाई, माणसासाठी आहे, म्हणून विसरतो.

कुठलंही मशीन बिघडलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "इथी कोण बसते?" काय बिघडलं हे नंतर. त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला ते समोर बसवायचे आणि त्याला काय दिसतं, कसं दिसतं, कधीपासून दिसतं, ते विचारत राहायचे. आमचे साहेब, म्हणजे विभागाचे मॅनेजर, गमतीनं त्यांना डॉक्टर म्हणायचे.

माझी त्यांची नीट ओळख झाली ती माझ्या डोकेदुखीमुळे. कॉम्प्युटरवर काम सुरू केल्यापासून रोज दुपारी माझं कपाळ ठणकायला लागे. चष्मा झाला, गोळ्या झाल्या. घरच्यांचं म्हणणं, नोकरीच झेपत नाही. एका मंगळवारी याकूबभाई माझ्या टेबलाजवळून जाता जाता थांबले. माझ्या पडद्याकडे त्यांनी सरळ पाहिलंच नाही. तोंड खिडकीकडे ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मग वाकून दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं, पडदा क्षणभर काळा झाला, पुन्हा उजळला.

"तुमचं डोकं नाई दुखत ताई," ते म्हणाले. "हा पडदा हालून राह्यला. समोरून दिसत नाई, बाजूनं दिसते."

चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं उमटतं, तो आकडा त्यांनी वाढवला होता, एवढंच. चार दिवसांत माझं डोकं थांबलं. तेव्हापासून या माणसाच्या डोळ्यांवर माझा जो विश्वास बसला, तो माझ्या स्वतःच्या डोळ्यांवरही नव्हता. हे पुढं फार महाग पडलं.

कॉम्प्युटरच्या आधी ते टीव्ही दुरुस्त करायचे. चंद्रपुरात घुटकाळ्यात त्यांचं छोटं दुकान होतं. वडील रेडिओवाले, हे टीव्हीवाले. सरकारी आश्रमशाळांना टीव्ही मिळाले त्या काळात ते गडचिरोलीच्या जंगलात खूप फिरले होते. पिक्चर ट्यूब मांडीवर घेऊन एसटीनं अहेरी, तिथून एटापल्ली, तिथून मिळेल त्या वाहनानं. सूरजागडच्या डोंगरांच्या पायथ्याच्या एका शाळेतली गोष्ट ते नेहमी सांगत. रंगीत टीव्ही लावून झाला, रंग त्यांनी यंत्र लावून बरोबर जुळवले. गुरुजी खूश, मुलं खूश. स्वयंपाक करणारी एक माडिया बाई मात्र दाराशी उभी राहून पाहत होती आणि तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती. गुरुजींनी अर्थ सांगितला: असं हिरवं कुठंच नसतं, म्हणते ती. याकूबभाई तिला म्हणाले, मग तुम्ही सांगा. ते बटण फिरवत गेले, ती मान हलवत गेली, नाही, नाही, अजून नाही. शेवटी तिनं हात वर केला. यंत्राच्या हिशोबानं तो रंग चूक होता. याकूबभाईंनी तो तसाच ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

ही गोष्ट सांगून झाली की ते म्हणायचे, "आकडा विकणाऱ्याचा असते ताई. चित्र पाहणाऱ्याचं."

टीव्हीच्या दिवसांतली एक सवय त्यांनी कॉम्प्युटरमध्येही आणली होती. टीव्हीवाले पडदा तपासायला पांढऱ्या-काळ्या रेघांची चौकोनी जाळी वापरत. तशीच जाळी त्यांनी एका फ्लॉपीवर करून घेतली होती. पांढऱ्या पडद्यावर बारीक काळ्या उभ्या-आडव्या रेघा, मधोमध एक ठिपका. कुठलंही नवं मशीन आलं की आधी ती जाळी. रेघा सरळ आणि स्थिर दिसल्या की मशीन पास. आमच्या विभागातली सगळी मशीनं या जाळीतून गेलेली होती.

त्या वर्षी कंपनीनं खाणीच्या नकाशासाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं. खाणीचा अख्खा खोलगट आकार, पायऱ्या-पायऱ्यांसकट, पडद्यावर उभा राहायचा आणि हवा तसा गोल फिरवता यायचा. फिरवता यायचा म्हणजे, यायला हवा होता. आमच्या मशीनमध्ये चित्र काढणारं जे ग्राफिक्स कार्ड होतं ते जुनं. खाण फिरवायला घेतली की चित्र अडखळायचं, तुटायचं, अर्धी खाण इकडे आणि अर्धी तिकडे. नागपूरच्या एका पुरवठादारानं नवं कार्ड सुचवलं. बारा मशीनना घालायचं होतं. साहेबांनी नमुन्याचं एक कार्ड मागवलं आणि याकूबभाईंना सांगितलं, जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवून तपासा आणि लेखी कळवा.

मे महिना होता. चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको. याकूबभाईंनी दोन सारखी मशीनं एका टेबलावर मांडली, एकात जुनं कार्ड, एकात नवं. खिडकीवर ओली चादर टांगली. मदतीला मला घेतलं, कारण खाणीचा नकाशा माझा होता.

तीन दिवस त्यांनी ती दोन कार्डं पिळून काढली. खाण एकदा पूर्ण गोल फिरवायची आणि मनगटावरच्या घड्याळानं वेळ मोजायची. जुन्यावर मोजायला घेतलं की मी मध्ये दोन ओळी लिहून घ्यायची. नव्यावर पेन उघडेपर्यंत फेरी संपलेली असायची. मग नुसत्या रेघांची खाण फिरवायची, मग रंग भरलेली, मग सावल्या टाकलेली. मग दोन्ही मशीनं दोन तास सलग चालू ठेवून, पेटी उघडून, कार्डाच्या पत्र्यावर बोट टेकवून ताप पाहायचा. एवढ्या तापात जुनं दमतं का, नवं दमतं का. नवं दमत नव्हतं. सगळ्या बाबतीत नवं कार्ड पुढं होतं आणि याकूबभाई खूश होते. मला म्हणाले, एखाद वेळी आकडेही खरं बोलतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नव्या कार्डावर जाळी लावली.

ते बसले. हात गुडघ्यांवर. मी शेजारी उभी होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी उठून मॉनिटर बदलला, शेजारच्या मशीनचा आणून लावला. पुन्हा बसले. मग तार बदलली. पुन्हा बसले. त्यांच्या कपाळावर आठी आली होती.

"मधात पाहा ताई," ते म्हणाले. "ठिपक्याच्या बाजूची रेघ आत गेली ना? पोटात गेल्यासारखी."

मी पाहिलं. रेघा सरळ होत्या. मी म्हटलं, "मले तं सरळ दिसते."

"घाई नका करू. जरा वेळ पाहा."

मी जरा वेळ पाहिलं. बारीक काळ्या रेघांकडे टक लावून पाहत राहिलं की त्या हलल्यासारख्या वाटतातच. पण मी तेवढ्यानं फसले असं म्हणणार नाही. खरं असं की मला त्या सरळच दिसत होत्या. माझ्या मनात आलं ते एवढंच, की माझा पडदा वर्षभर हलत होता तेव्हाही मला तो स्थिरच दिसला होता. यांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही. शिवाय सगळ्यांसमोर त्यांना नाही कसं म्हणायचं. मी म्हटलं, हो, थोडी वाटते.

त्यांनी समाधानानं मान हलवली. मॉनिटर बदलून पाहिला, तार बदलून पाहिली, म्हणजे दोष कार्डातून निघणाऱ्या सिग्नलमध्ये आहे, असा त्यांचा हिशोब. जुन्या कार्डावर त्यांनी जाळी लावली नाही. त्याची जाळी त्यांनी आधी कितीदा तरी पाहिलेली होती, ती सरळ आहे हे त्यांना पाठ होतं. अहवालात त्यांनी लिहिलं की नवं कार्ड वेगवान आहे पण रेघ वाकडी दाखवतं, आणि जिथं रेघेवर खाणीची सीमा ठरते तिथं असं कार्ड चालणार नाही. खाली तपासणाऱ्याची सही, आणि सोबत पाहणाऱ्याची सही. ती माझी.

साहेबांनी कार्ड नाकारल्याचं नागपूरला कळवलं. तिकडून फोन झाले, पत्रं झाली. महिना उलटला, त्यावर पंधरा दिवस गेले. दरम्यान याकूबभाई दोन-तीनदा येऊन गेले. एकदा पायरी चुकून अडखळले. एकदा स्क्रू शोधताना कागदावर हात फिरवत राहिले, तो समोरच होता. मी म्हटलं, भाई, डोळे तपासून घ्या. म्हणाले, ऊन आहे ताई. राजुऱ्यापासून इकडे रस्त्याकडेचे खांबसुद्धा वाकडे दिसून राह्यले, एवढं ऊन आहे. उन्हात डांबरावरची हवा हलते आणि पलीकडचं सगळं थरथरतं, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. मीही हसले.

जुलैच्या सुरुवातीला नागपूरचा इंजिनीअर स्वतः आला. तिशीचा, व्यवस्थित, टाय लावलेला. बारा कार्डांची ऑर्डर परत गेल्यामुळे त्याच्यावर ठपका आला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. साहेबांच्या समोर, आम्हा सगळ्यांच्या देखत, त्यानं त्याच मशीनवर जाळी लावली आणि विचारलं, कुठं वाकडी आहे. साहेबांना ती वाकडी दिसली नाही. दुसऱ्या दोघांना दिसली नाही. मी काही बोलले नाही.

मग तो शांतपणे म्हणाला, "भाईसाहब, आमच्या कानावर आहे, दुसऱ्या पार्टीशी तुमचं चांगलं जमते म्हणून."

म्हणजे दुसऱ्या दुकानदाराकडून काहीतरी घेऊन तुम्ही हे लिहिलं. हॉलमध्ये कुणी मान वर केली नाही. याकूबभाईंचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, याच मशीनमध्ये जुनं कार्ड लावून दाखवतो, मग फरक सगळ्यांना दिसेल. त्यांनी पेटी उघडली. एरवी ज्या हातांना मिनिटही लागायचं नाही, त्या हातातून स्क्रू दोनदा निसटला. मी उचलून दिला. जुनं कार्ड बसलं, मशीन सुरू झालं, जाळी आली.

ते पाहत बसले. मी त्यांच्या मागं उभी होते, मला त्यांची फक्त मान दिसत होती. ती मान हळूहळू पुढं जात गेली. पडद्याच्या अगदी जवळ. मग मागं आली. मग ते वळले आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमाले कशी दिसते?"

"सरळ," मी म्हटलं.

"आणि त्या दिवशी, नव्यावर?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "त्या दिवशीही सरळच दिसत होती, भाई."

ते पडद्याकडे वळले. उजवा तळहात उचलून त्यांनी उजव्या डोळ्यावर ठेवला आणि पाहिलं. मग तो काढून डावा तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला आणि पाहिलं. पुन्हा एकदा तसंच केलं. मग ते उठून उभे राहिले आणि त्या इंजिनीअरकडे तोंड करून म्हणाले,

"कार्ड चांगलं आहे साहेब. दोन्ही कार्डं चांगले आहेत. खराबी माह्या डोळ्यात आहे."

त्या तरुण इंजिनीअरला काय करावं कळेना. तो पटकन म्हणाला, असू द्या, होते असं. साहेब म्हणाले, विषय संपला, ऑर्डर देऊन टाकू. पण याकूबभाईंच्या मते विषय संपला नव्हता. पहिला अहवाल फायलीत आहे, त्यावर दुसरा लागला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. नवं कार्ड जुन्यापेक्षा सर्व बाबतींत सरस आहे. आधीच्या अहवालातला दोष हा तपासणाऱ्याच्या नजरेचा होता, कार्डाचा नव्हता. साहेब हळू आवाजात म्हणाले, याकूबभाई, शेवटचं वाक्य नको, तुमचंच नुकसान होईल. ते म्हणाले, मग दोष यांच्या मालावर राहील. वाक्य राहिलं. सही करताना मी त्यांना जागा बोटानं दाखवली, तेव्हा कळलं की ते गेले कितीतरी दिवस अंदाजानं सही करत होते.

त्या दिवशी आमच्या ड्रायव्हरनं त्यांना स्कूटरसकट जीपमधून चंद्रपूरला सोडलं. स्कूटर त्यांनी पुन्हा चालवली नाही.

साखरेनं डोळ्याच्या आतला पडदा खराब केला होता. दोन्ही डोळ्यांचा, एकाचा जास्त, एकाचा कमी. नागपूरच्या दवाखान्यात लेझरचे शेक दिले. महिन्याभरानं मी घुटकाळ्यात त्यांच्या घरी गेले. दुकानाला लागूनच घर. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते, काळा चष्मा लावून. मला आवाजावरून ओळखलं आणि लगेच सांगायला लागले, की दवाखान्यात डॉक्टरनं हातात कागद दिला, त्याच्यावर काय होतं सांगा. त्या कागदावर जाळी होती. उभ्या-आडव्या रेघा आणि मधात ठिपका. डोळ्याचे डॉक्टरही तेच वापरतात.

"मी बारा वर्षं लोकांचे पडदे तपासले त्याच्यानं," ते म्हणाले. "एकदाबी ध्यानात नाई आलं की हे दोन्हीकडून चालते."

त्यांच्या बायकोनं, जैनबभाभींनी, चहा आणला. माझ्या कपात साखर होती, त्यांच्या नव्हती. भाभी खाली बसल्या आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगू लागल्या. उजव्याचं काही खरं नव्हतं. डावा मात्र दीड-दोन महिने आधी दाखवला असता तर पुष्कळसा राहिला असता. दीड-दोन महिने. मी मनातल्या मनात मे ते जुलै मोजलं. त्यांनीही मोजलेलं होतं. भाभी माझ्याकडे न पाहता, हातातला ट्रे पुसत म्हणाल्या,

"तुम उसी दिन बोल देते तो?"

त्यात राग नव्हता. राग असता तर मला काही म्हणता आलं असतं. मी कप धरून बसून राहिले.

"तिले काय विचारतेस," पलंगावरून याकूबभाई म्हणाले. "ती बोललीच होती. मीच तिले वाकडं पाहायले लावलं."

हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं. पण ते ऐकून मला बरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. ते एवढी वर्षं प्रत्येक टेबलावरच्या माणसाला विचारत आले होते की तुम्हाला काय दिसतं. मलाही विचारलं होतं. मी माझं दिसणं सोडून त्यांचं दिसणं सांगितलं.

आमच्या विभागानं देखभालीचं काम पुढच्या वर्षी दुसऱ्याला दिलं. साहेबांना वाईट वाटलं, पण कागदावर कारण होतं, आणि ते याकूबभाईंनीच लिहवून घेतलेलं होतं. चंद्रपुरातल्या दोन बँका आणि एका कॉलेजची कामं होती, तीही गेली. डोळ्यानं अधू माणसाच्या हातात कोण मशीन देईल. मी मधूनमधून जात असे. दर खेपेला दुकानातलं काहीतरी कमी झालेलं दिसे. आधी जुने टीव्ही गेले, मग ऑसिलोस्कोप, मग हत्यारांची फळी. डाव्या डोळ्यात पुढं आतून रक्त उतरलं. मग मी गेले की ते माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करायचे आणि ती दिशा जराशी चुकलेली असायची. तेव्हा मीच उठून तिथं बसायची, जिथं ते पाहत होते.

नंतर माझी बदली वेगळ्या विभागात झाली, घरची कामं वाढली, जाणं कमी होत गेलं. खरं कारण सांगायचं तर भाभींच्या समोर बसवत नसे.

शेवटचं पाहिलं ते चंद्रपूरच्या बसस्टँडवर. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील, फलाटावर ऊन आलेलं. मी गडचांदूरच्या गाडीची वाट पाहत होते. सिरोंच्याच्या फलाटाशी एक पत्र्याची पेटी, दोन गाठोडी, एक गुंडाळलेली गादी, आणि त्या सामानाच्या मधोमध याकूबभाई उभे. सिरोंच्याला भाभींच्या भावाचं कापडाचं दुकान होतं, हे मला माहीत होतं. दुकान विकून ते कायमचे तिकडे निघाले होते. भाभी चौकशीच्या खिडकीकडे गेल्या होत्या. माणसं त्यांच्या बाजूनं वाट काढून जात होती आणि ते गर्दीत जागा सोडून उभं राहावं तसे अंग चोरून उभे होते.

मी जवळ जाऊन भाई अशी हाक मारली. नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "ताई, गाडी यायची आहे का तुमची?"

आम्ही दोन मिनिटं बोललो. तब्येत, मुलं, धान कसं आहे सावलीकडे. मग त्यांनी विचारलं, खाण नीट फिरते का. मला खोटं बोलवेना. मी सांगितलं की ती सगळी मशीनं काढली मागच्या दिवाळीत. आता नवी आली, त्यांत वेगळीच कार्डं आहेत. आधीची मशीनं कार्डांसकट भंगारात दिली.

"दोन्ही कार्डं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

त्यांनी मान हलवली. कुणाच्या मयताची खबर ऐकल्यावर हलवतात तशी, सावकाश.

गाडी लागली. भाभी आल्या, मला पाहून थांबल्या, आणि मग एक गाठोडं माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी सामान चढवलं. याकूबभाईंनी दांडा धरला, पायानं पायरी चाचपली आणि चढले. खिडकीची जागा मिळाली. ऊन त्या बाजूनं येत होतं, म्हणून भाभींनी खिडकीचा पत्रा खाली ओढला. गाडी सुरू झाली, फलाटावरून मागं आली, वळली. मी पाहत होते. फाटकापाशी पोचता पोचता तो पत्रा पुन्हा वर गेला. याकूबभाईंचा चेहरा खिडकीत आला, पूर्ण उन्हात, बाहेरच्या बाजूला वळलेला, रस्त्यानं जाणारा कुणीही माणूस बाहेर पाहतो तसा. गाडी बल्लारपूरच्या रस्त्याला लागली.